ठेका राहिला, नावं पुसली



या व्याख्यानमालेत आजवर ख्यालावर, ठुमरीवर, लावणीवर, नाट्यसंगीतावर बोललं गेलं. मला डिस्कोवर बोलायचं आहे असं मी कळवलं तेव्हा संयोजकांनी एकही प्रश्न न विचारता होकार दिला, त्याबद्दल मी त्यांचा मनापासून ऋणी आहे. डिस्को म्हटलं की आपल्याकडे आजही चमचमते कपडे आणि फिरता आरशांचा गोळा एवढंच डोळ्यांपुढे येतं. त्यापलीकडे त्यात बोलण्यासारखं काही असेल असं फारसं कुणाला वाटत नाही. मला वाटतं, आणि गेली कित्येक वर्षं वाटतं आहे. अमेरिकेत या संगीताच्या तबकड्या हजारो लोकांच्या साक्षीने दारू ठासून उडवून दिल्या गेल्या. त्यानंतर त्या संगीताचं काय झालं, याचं उत्तर सगळे आनंदाने देतात: ते मेलं नाही, जगभर पसरलं. ते करणाऱ्या माणसांचं काय झालं, हे मात्र क्वचितच विचारलं जातं. आज मी त्याबद्दल बोलणार आहे.

गुरुवार, १२ जुलै १९७९. शिकागोच्या दक्षिण भागात कॉमिस्की पार्क नावाचं बेसबॉलचं जुनं मैदान होतं. व्हाइट सॉक्स संघाचं हे घरचं मैदान. त्या संध्याकाळी डेट्रॉइट टायगर्सबरोबर पाठोपाठ दोन सामने होते. संघाचा मोसम वाईट चालला होता, स्टँड रिकामे राहत होते. मालक बिल व्हेक गर्दी खेचण्याच्या नाना क्लृप्त्यांसाठी आधीपासूनच प्रसिद्ध होते. त्यांचा मुलगा माइक याने डब्ल्यूएलयूपी या रॉक रेडिओ केंद्राशी संधान बांधलं. तिथला २४ वर्षांचा निवेदक स्टीव्ह डाल रोज आपल्या कार्यक्रमात डिस्कोच्या रेकॉर्डवरून खर्रकन सुई ओढायचा आणि स्फोटाचा आवाज लावून ती रेकॉर्ड ‘उडवायचा’. पोरांना ते भलतंच आवडायचं. डालच्या रागाला कारणही होतं. तो आधी ज्या केंद्रावर होता ते रॉक सोडून डिस्कोकडे वळलं आणि १९७८ च्या ऐन नाताळात त्याची नोकरी गेली.

बेत सोपा होता. डिस्कोची एक रेकॉर्ड आणा आणि ९८ सेंटांत आत या. जमलेल्या रेकॉर्डी एका मोठ्या खोक्यात भरायच्या आणि दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत मैदानात उडवायच्या. अपेक्षा होती वीसेक हजारांची. आत शिरले ४७ हजारांहून जास्त. बाहेर आणखी हजारो ताटकळत होते, त्यातले कितीतरी भिंतींवरून चढून आत आले. खोकं भरून गेलं तेव्हा उरलेल्या रेकॉर्डी प्रेक्षकांच्या हातातच राहिल्या, आणि पहिला सामना चालू असतानाच त्या वरच्या स्टँडांतून भिरभिरत खाली येऊ लागल्या. काही हिरवळीत रुतून उभ्याच राहिल्या. कडेने बघणाऱ्याला लोहाराच्या भट्टीतून उडालेल्या ठिणग्यांसारखं ते दिसलं असेल, पण त्या ठिणग्यांना धार होती.

पहिला सामना टायगर्सनी ४–१ असा जिंकला. मग लष्करी पोशाख आणि हेल्मेट घातलेला डाल जीपमधून मैदानात आला. घोषणा झाल्या, स्फोट झाला, हिरवळीला खड्डा पडला. लगेच हजारो पोरं कठडे ओलांडून खाली उतरली. बेस उपटले गेले, सरावाची जाळी मोडली, रेकॉर्डींच्या तुकड्यांच्या शेकोट्या पेटल्या. समालोचक हॅरी केरी ध्वनिक्षेपकावरून जागेवर परत जा म्हणून विनवत राहिले, कुणी ऐकलं नाही. अखेर दंगलविरोधी पोलीस आले, ३९ जणांना अटक झाली. दुसरा सामना खेळवलाच गेला नाही. दुसऱ्या दिवशी तो टायगर्सना बहाल करण्यात आला.

त्या रात्री मैदानावर व्हिन्स लॉरेन्स नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा कामाला होता. प्रेक्षकांना त्यांच्या जागा दाखवायचं काम. वय १५. सिंथेसायझर घ्यायचा म्हणून तो पैसे साठवत होता. पुढे अनेक मुलाखतींत त्याने एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आहे, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली ती सर्वांत मोलाची साक्ष आहे. लोक खोक्यात टाकत होते त्यातल्या कितीतरी रेकॉर्डी डिस्कोच्या नव्हत्याच. टायरोन डेव्हिस, कर्टिस मेफील्ड, ओटिस क्ले. सोल गाणारे हे तिघेही, आणि तिघांचीही नावं शिकागोशीच जोडलेली. म्हणजे शिकागोची पोरं आपल्याच गावच्या गायकांच्या रेकॉर्डी मोडायला घेऊन आली होती. दारावरच्या माणसाने त्या परत केल्या नाहीत. आणणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या डोक्यात ‘काळ्या माणसाची रेकॉर्ड’ आणि ‘डिस्को’ यांत काही फरक उरला नव्हता.

हे संगीत आलं कुठून ते आता पाहू, कारण ते नीट समजल्याशिवाय त्या रागाचा पत्ता लागत नाही.

१४ फेब्रुवारी १९७० ला न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅनकुसो याने मॅनहॅटनमधल्या ब्रॉडवेवरच्या आपल्या राहत्या जागेत एक मेजवानी ठेवली. जुन्या कारखान्यासारखी मोठी, मोकळी जागा. दारूची विक्री नाही, आमंत्रणाशिवाय प्रवेश नाही, आणि ध्वनियंत्रणा मात्र अव्वल दर्जाची. त्या जागेला ‘द लॉफ्ट’ हे नाव पडलं. तिथे येणाऱ्यांत कृष्णवर्णीय होते, प्वेर्तो रिकोहून आलेल्या घरांतली मुलं होती, समलिंगी पुरुष होते, स्त्रिया होत्या. जेमतेम आठ महिन्यांपूर्वी, जून १९६९ मध्ये, त्याच शहरात स्टोनवॉल या बारवर पोलिसांनी धाड घातली होती आणि तिथल्या समलिंगी गिऱ्हाइकांनी रस्त्यावर उतरून प्रतिकार केला होता. दोन पुरुष एकत्र नाचले तर पोलिसांची भीती वाटावी असा तो काळ. अशा माणसांना रात्रभर कुणी न हटकता नाचता यावं, एवढ्यासाठी हे संगीत जमवलं गेलं. डिस्को रेकॉर्ड कंपनीच्या कचेरीत जन्मलं नाही. कंपन्यांना तर त्याची खबरही उशिरा लागली.

आता ठेक्याकडे येऊ. फिलाडेल्फियात सिग्मा साउंड नावाचा स्टुडिओ होता. तिथे केनेथ गॅम्बल आणि लिऑन हफ या जोडीची गाणी ध्वनिमुद्रित व्हायची आणि ड्रमवर अर्ल यंग बसायचे. १९७३ मध्ये हॅरल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्स या चमूचं ‘द लव्ह आय लॉस्ट’ आलं. मुळात ते संथ गाणं व्हायचं होतं. यंगनी ते पळवलं. पायाने वाजायचा मोठा ड्रम त्यांनी चारही मात्रांवर सारखाच वाजवला. आपल्या भाषेत सांगायचं तर या ठेक्यात खाली नाही, चारही मात्रा भरीच्या. पण तेवढंच असतं तर तो कवायतीचा ताल झाला असता. यंगनी हाय-हॅट, म्हणजे ती एकमेकींवर मिटणारी झांजांची जोडी, दोन मात्रांच्या बरोबर मधोमध उघडली. पाय जमिनीवर पडतो तेव्हा ड्रम, पाय उचलला जातो तेव्हा झांज. शरीराला दोन्हीकडून आधार मिळतो. ज्याला नाचता येत नाही त्यालाही हा ठेका चुकू देत नाही. मी तबल्याच्या घरात वाढलो, लयकारीचं कौतुक ऐकत मोठा झालो, तरी सांगतो: इतक्या कमी सामग्रीत इतक्या माणसांना सामावून घेणारा ठेका मी दुसरा ऐकलेला नाही.

त्यावर बास गिटारची वळणं, त्यावर व्हायोलिनांचा ताफा, त्यावर चर्चच्या गाण्यात तयार झालेला गळा. ही माणसं रोज स्टुडिओत येऊन वाजवणारी पगारी वादक मंडळी होती. रॉनी बेकर बासवर, नॉर्मन हॅरिस गिटारवर, व्हिन्स मॉन्टाना व्हायब्राफोनवर. रेकॉर्डच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात गायकाचं नाव, आणि ही नावं कुठे कोपऱ्यात, किंवा नाहीतच. ज्या गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते त्यांची एक सवय त्यांच्या शिष्यांना ठाऊक असेल. रेकॉर्डच्या पाकिटावर तबलजीचं नाव छापलेलं नसलं तर ते ऐकून, विचारून, खात्री करून शाईच्या पेनाने स्वतः लिहून ठेवत. त्यांचा संग्रह मी पाहिला आहे. डिस्कोचा इतिहास वाचताना मला वारंवार ती पाकिटं आठवली.

एक तांत्रिक गोष्टही सांगायला हवी, कारण आजच्या सगळ्या नाचाच्या संगीताची ती जननी आहे. सात इंची रेकॉर्डवर तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं बसतं. नाचणाऱ्याला तेवढ्यात थांबायचं नसतं. टॉम मोल्टन या न्यूयॉर्कच्या मिश्रणकाराने गाण्यातले वाद्यांचे भाग वेगळे काढून, पुन्हा जोडून, गाणी लांबवायला सुरुवात केली. एकदा चाचणी-तबकडी कापताना सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या म्हणून त्याच्या ध्वनितंत्रज्ञाने मोठ्या तबकडीवर ते गाणं कापलं. जागा भरपूर मिळाली, चऱ्या एकमेकींपासून लांब आणि रुंद कोरता आल्या, आणि त्यामुळे आवाज मोठा नि बास खोल उमटला. बारा इंची सिंगल अशी जन्माला आली. १९७६ मध्ये साल्सोल कंपनीने डबल एक्स्पोजरचं ‘टेन पर्सेंट’ त्या आकारात बाजारात विकायला आणलं. त्याचं मिश्रण वॉल्टर गिबन्सचं. पुढच्या वर्षी म्युनिकमध्ये जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी व्हायोलिनं, बास सगळं काढून टाकून जवळपास सारं मूग सिंथेसायझरवर उभारलं आणि डोना समरच्या आवाजात ‘आय फील लव्ह’ केलं. आजचं कुठलंही इलेक्ट्रॉनिक संगीत घ्या, त्याची नाळ त्या गाण्यापाशी जाऊन पोचते.

मग डिसेंबर १९७७ मध्ये ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ हा चित्रपट आला. ब्रुकलिनमधला एक इटालियन-अमेरिकन तरुण शनिवारी रात्री नाचघराचा राजा होतो, ही त्याची गोष्ट. चित्रपट ज्या मासिक-लेखावर बेतला होता तो आपण बराचसा कल्पनेने लिहिला होता, अशी कबुली लेखक निक कोन यांनी पुढे दिली. चित्रपटाचा, मुख्यतः बी जीज या गोऱ्या भावांच्या गाण्यांचा अल्बम १९७८ मध्ये अमेरिकेत सलग २४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. चित्रपट चांगला आहे, गाणी तर अप्रतिम आहेत. पण कोट्यवधी लोकांना डिस्कोची पहिली ओळख अशी झाली की त्यात द लॉफ्टमधला नाचणारा कुठेच नव्हता.

त्यानंतर लोंढा आला. न्यूयॉर्कचं डब्ल्यूकेटीयू हे केंद्र १९७८ च्या उन्हाळ्यात डिस्कोकडे वळलं आणि बघता बघता शहरात पहिल्या क्रमांकावर गेलं. ते पाहून गावोगावच्या केंद्रांनी तेच केलं. रॉड स्टुअर्टने डिस्को केलं, रोलिंग स्टोन्सनी केलं. सत्तरीतल्या रंगमंच-गायिका एथेल मर्मन यांच्याकडूनही डिस्कोचा अल्बम करून घेतला गेला. कंपन्यांनी रेकॉर्डी इतक्या छापल्या की दुकानांतून ढिगाने परत येऊ लागल्या. तेलाच्या दुसऱ्या दरवाढीने अमेरिकेची अर्थव्यवस्था १९७९ मध्ये गळाठली होती. यातलं बरंच संगीत सुमार होतं हे मी मान्य करतो. रोज तेच ऐकून वैतागलेल्या श्रोत्याचा वैतागही खराच होता. रॉकच्या आवडत्या केंद्राने एका रात्रीत कूस बदलली तर वाईट वाटणारच.

पण सुमार रॉकही त्या वर्षी भरपूर निघत होतं, आणि त्याच्या रेकॉर्डी कुणी उडवल्या नाहीत. डाल आजवर सांगत आला आहे की आपल्या मनात वंशद्वेष नव्हता, समलिंगींचा द्वेष नव्हता, आपण फक्त एका फॅशनची टर उडवत होतो. त्याच्या मनात काय होतं ते त्यालाच माहीत. मला त्याच्या मनाशी कर्तव्य नाही. खोक्यात काय पडलं ते मात्र दिसतं. ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाचे समीक्षक डेव्ह मार्श यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस लिहिलं होतं की डिस्कोकडे समलिंगींचं, काळ्यांचं, लॅटिन लोकांचं संगीत म्हणून बघणारे हे प्रामुख्याने तरुण गोरे पुरुष आहेत, आणि ते पुसून टाकण्याच्या हाकेला ओ देणारेही तेच. निषेधाची धार नेमकी कुठे लागते, हे मार्शनी त्या गदारोळातच ओळखलं होतं. शीक या चमूचे गिटारवादक नाइल रॉजर्स यांना तर त्या रात्रीची दृश्यं पाहून नाझींनी केलेली पुस्तकांची होळी आठवली. ही तुलना अतिरेकी आहे असं म्हणणारे भेटतात. ज्याच्या रेकॉर्डी जळत होत्या त्याला काय आठवावं हे इतरांनी ठरवू नये, असं मला वाटतं.

पुढचे काही आठवडे पाहा. १८ ऑगस्ट १९७९ ला शीकचं ‘गुड टाइम्स’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. आठवड्याभरात त्याची जागा ‘माय शरोना’ने घेतली. गिटारांचं, गोऱ्या पोरांचं रॉक. सहा आठवडे ते वर राहिलं आणि वर्तमानपत्रांनी डिस्कोचा मृत्यू जाहीर केला. ऑक्टोबरात मायकल जॅक्सनचं ‘डोन्ट स्टॉप टिल यू गेट इनफ’ पहिल्या क्रमांकावर आलं. ते कान देऊन ऐका, चारही मात्रांवर तोच ड्रम, तोच व्हायोलिनांचा ताफा. पण आता त्याला डिस्को म्हणायचं कुणी नाव घेईना. कंपन्यांनी आपापल्या डिस्को विभागांच्या पाट्या बदलून ‘डान्स’ केल्या. फेब्रुवारी १९८० मध्ये ग्रॅमीने सर्वोत्कृष्ट डिस्को ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार पहिल्यांदा दिला, ग्लोरिया गेनर यांच्या ‘आय विल सर्व्हाइव्ह’ला. पुढच्या वर्षी तो पुरस्कारच रद्द झाला.

पाटी बदलली, माल तोच राहिला, तर बिघडलं कुठे, असं कुणी विचारेल. बिघडलं ते इथे. ‘गुड टाइम्स’नंतर शीकचं एकही गाणं अमेरिकेच्या पहिल्या चाळिसात आलं नाही. बर्नार्ड एडवर्ड्सनी त्या गाण्यात वाजवलेली बासची ओळ मात्र सगळीकडे पोचली. सप्टेंबर १९७९ मध्ये शुगरहिल गँगने तिच्यावर ‘रॅपर्स डिलाइट’ केलं, आणि रॅप नावाची गोष्ट पहिल्यांदा देशभर ऐकली गेली. गीतकार म्हणून रॉजर्स आणि एडवर्ड्स यांची नावं तिथे लागली ती त्यांनी हक्क सांगितल्यावर. १९८० मध्ये क्वीन या इंग्लिश रॉक चमूने ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ काढलं. बासवादक जॉन डीकन शीकच्या मंडळींबरोबर त्यांच्या स्टुडिओत बसून आले होते आणि ते त्या ओळीत स्वच्छ ऐकू येतं. गाणारा फ्रेडी मर्क्युरी, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, तिथेच पहिल्यांदा चमूत वाजवायला लागलेला फारुख बलसारा. ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. क्वीनचा मी भक्त आहे, त्या गाण्यात खोट काढायला माझं मन धजावत नाही. पण ज्या वर्षी शीकला रेडिओ मिळेना त्याच वर्षी शीकची चाल रॉक चमूच्या नावावर देशभर वाजत होती, हेही तितकंच खरं.

ऑगस्ट १९८१ मध्ये एमटीव्ही सुरू झालं. पहिली दीड वर्षं त्यावर कृष्णवर्णीय कलाकार शोधावे लागत. जानेवारी १९८३ मध्ये डेव्हिड बोवी यांनी त्याच वाहिनीवर मुलाखत देताना तिच्याच निवेदकाला थेट विचारलं की काळे कलाकार इतके कमी का दाखवता? निवेदकाने दिलेली उत्तरं गुळमुळीत होती. त्याच वर्षी बोवी यांचा ‘लेट्स डान्स’ आला. निर्माता नाइल रॉजर्स. ड्रमवाल्यांत शीकचे टोनी थॉम्पसन. १९८४ मध्ये मॅडोनाचं ‘लाइक अ व्हर्जिन’ आलं. निर्माते आणि गिटारवादक रॉजर्स, बास एडवर्ड्स, ड्रम थॉम्पसन. म्हणजे वाद्यं वाजवणारा सगळा शीक चमू तिथे हजर होता. चेहरा फक्त दुसरा होता. जगाने त्या गाण्यावर उड्या मारल्या, आणि डिस्को संपलं असं म्हणणारेही त्यात होते.

रॉजर्स निभावले कारण ते निर्माते होते. गायिकांना ती वाट नव्हती. डिस्कोचा गळा मुख्यतः काळ्या स्त्रियांचा होता, आणि कंपन्यांनी हात आखडते घेतल्यावर पहिले करार त्यांचे गेले. सान फ्रान्सिस्कोचा सिल्व्हेस्टर, पुरुषी-बायकी या चौकटी झुगारून उंच स्वरात गाणारा अचाट गायक, १९८८ मध्ये एड्सने गेला. त्या साथीने न्यूयॉर्कच्या, शिकागोच्या, सान फ्रान्सिस्कोच्या नाचघरांतली एक अख्खी पिढी नेली. त्या नाचघरांत रात्री काय वाजलं, कोण कसं नाचलं, कुठल्या गाण्याला कुणी डोळे मिटले, हे सांगू शकणारी माणसंच गेली. आज डिस्कोबद्दल जे लिहिलं जातं त्यातला मोठा भाग उरलेल्यांच्या आठवणींवर उभा आहे.

आता शिकागोकडे परत जाऊ. कॉमिस्की पार्कपासून काही मैलांवर, साउथ जेफरसन स्ट्रीटवर, १९७७ पासून ‘द वेअरहाउस’ नावाचा क्लब चालत होता. तिथे न्यूयॉर्कहून आलेला फ्रँकी नकल्स रेकॉर्डी लावायचा. येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिन, त्यात समलिंगी पुष्कळ. म्हणजे मैदानावर स्फोट झाला तेव्हा ज्यांच्या नावाने शंख केला जात होता ती माणसं तिकडे शनिवारच्या तयारीत होती. मोठ्या कंपन्यांनी नवं डिस्को काढणं थांबवल्यावर नकल्सपुढे प्रश्न उभा राहिला: लावायचं काय? मग जुन्याच गाण्यांच्या चुंबकीय फिती ब्लेडने कापून, जोडून, त्यातला ठेका लांबवून तो नव्या आवृत्त्या करू लागला. ठेका अशक्त वाटला तर खाली ड्रम-मशीन चालवायची. वेअरहाउसमध्ये वाजतं ते, म्हणून दुकानांत लोक ‘हाउस’ मागू लागले. हाउस म्हणजे डिस्कोचा सूड, असं नकल्स म्हणत असे. १९८४ मध्ये जेसी सॉन्डर्सचं ‘ऑन अँड ऑन’ तबकडीवर आलं. हाउसची पहिली छापील रेकॉर्ड म्हणून ते ओळखलं जातं. त्यात सॉन्डर्सचा साथीदार होता तो मैदानावर जागा दाखवणारा व्हिन्स लॉरेन्स. सिंथेसायझर त्याने घेतला होता.

हा योगायोग इतका सुंदर आहे की बहुतेक लेखक इथेच थांबतात. ज्याला बुडवायला निघाले ते तरलं, वर जग जिंकून आलं. जानेवारी १९८७ मध्ये शिकागोच्याच स्टीव्ह हर्लीचं ‘जॅक युअर बॉडी’ इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, पुढे युरोपभर हाउसची मोठी बाजारपेठ उभी राहिली, हे सगळं खरं. पण पैसा युरोपात झाला. शिकागोत ज्या पोरांनी शयनगृहात बसून ही गाणी केली त्यांतल्या अनेकांच्या हाती फारसं काही लागलं नाही. लॅरी हर्ड आणि रॉबर्ट ओवेन्स या थोर कलावंतांना आपल्या ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांच्या हक्कांसाठी २०२० मध्ये कोर्टात जावं लागलं. सूड म्हणावा तर तो ठेक्याने घेतला. माणसांचं देणं बाकीच राहिलं.

आपल्याकडे काय चाललं होतं? अमेरिकेत तो शब्द उच्चारायला लोक कचरत होते त्याच वर्षी, १९८० मध्ये, ‘कुर्बानी’त बिड्डू यांच्या संगीतावर पंधरा वर्षांची नाझिया हसन ‘आप जैसा कोई’ गायली. बिड्डू मूळचे बंगळूरचे, लंडनमध्ये डिस्को करून नाव कमावलेले. १९८२ मध्ये ‘डिस्को डान्सर’ आला, बप्पी लाहिरी घराघरांत पोचले, आणि पुढे तो चित्रपट सोव्हिएत संघात तुफान चालला. आपल्याकडेही टीका झाली. पण आपली टीका सोज्वळतेची होती, अभिरुचीची होती. कुणाला हाकलून लावायचा सूर तिच्यात नव्हता. रसिकांनी नाकं मुरडली, मुलं नाचत राहिली.

त्याच १९८२ मध्ये मुंबईत एक रेकॉर्ड निघाली आणि कुणाच्या लक्षात न येता मागे पडली. चरणजीत सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले अनुभवी वादक. शंकर-जयकिशन, राहुल देव बर्मन यांच्याकडे वाजवलेले. श्रेयनामावलीत अशा वादकांची नावं येत नसत. चित्रपटांत डिस्को जोरात आहे, तर डिस्कोच्या ठेक्यावर आपले राग वाजवून पाहू, या विचाराने त्यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रं एकत्र केली: ठेक्यासाठी टीआर-८०८, बाससाठी टीबी-३०३, आणि रागाच्या सुरावटींसाठी ज्युपिटर-८. भैरवी, ललित, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस. तबला नाही, तानपुरा नाही. टीबी-३०३ ला मींड जमते, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं. रागदारीच्या कानाला ते लगेच जाणवलं असणार. शिकागोत फ्यूचर या त्रिकुटाने तेच यंत्र पिळून ‘ॲसिड ट्रॅक्स’ काढलं ते १९८७ मध्ये, आणि तेव्हापासून त्या आवाजाला ॲसिड हाउस म्हणतात. दोन्ही ठिकाणच्या लोकांना एकमेकांचा पत्ता नव्हता. चरणजीत सिंगांची रेकॉर्ड २०१० मध्ये युरोपातून पुन्हा निघाली तेव्हा ती ऐकून तिकडचे डीजे चक्रावून गेले, आणि सत्तरी गाठलेले सिंग युरोपात जाऊन मैफली करून आले. जुलै २०१५ मध्ये ते मुंबईत वारले. त्यांनी हाउस शोधलं असा दावा मी करणार नाही, त्यांनीही केला नव्हता. माझा आग्रह एवढाच की ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड आपल्या संगीताच्या अभ्यासक्रमात असावी, आणि तिच्याबरोबर त्या काळच्या स्टुडिओ-वादकांची यादी व्हावी. ते काम मुंबई-पुण्यात बसून आजही करता येईल, ज्यांना आठवतं अशी काही माणसं अजून आहेत.

अमेरिकेने उशिरा का होईना, काही हिशेब चुकते केले. फ्रँकी नकल्सच्या नावाचा रस्ता २००४ मध्ये झाला. २०१४ मध्ये तो गेला. त्याच वर्षी डाफ्ट पंकच्या ‘गेट लकी’ला ग्रॅमी मिळालं तेव्हा मंचावर रॉजर्स होते, गिटारसह. २०२३ मध्ये शिकागो शहराने वेअरहाउसच्या इमारतीला वारसा-वास्तूचा दर्जा दिला. पण मधेच, जून २०१९ मध्ये, व्हाइट सॉक्सनी त्या रात्रीला चाळीस वर्षं होतात म्हणून स्मरणार्थ टी-शर्ट वाटले आणि पहिला चेंडू टाकायला डालला बोलावलं. टीका झाली. संघाला त्यात वावगं वाटलं नव्हतं, आणि मला त्याचंच दुःख आहे. घटनेला चाळीस वर्षं उलटली तरी तिथल्या एका मोठ्या संस्थेला ती एक गमतीची रात्र वाटत होती.

माझं बोलणं संपलं. संयोजकांनी माझ्या विनंतीवरून चांगले स्पीकर मागवले आहेत, तेव्हा आता आपण दोन गाणी पूर्ण लांबीची ऐकू. खुर्च्या थोड्या मागे घ्यायला हरकत नाही. पहिलं ‘द लव्ह आय लॉस्ट’, १९७३, फिलाडेल्फियाचं. गायक टेडी पेंडरग्रास, ड्रम अर्ल यंग, बास रॉनी बेकर, गिटार नॉर्मन हॅरिस, व्हायब्राफोन व्हिन्स मॉन्टाना, ध्वनिमुद्रण जो टार्सिया यांच्या स्टुडिओत. दुसरं ‘गुड टाइम्स’, १९७९. गायिका अल्फा अँडरसन आणि लुसी मार्टिन, गिटार नाइल रॉजर्स, ड्रम टोनी थॉम्पसन, बास बर्नार्ड एडवर्ड्स.